किनाऱ्याचा जमाखर्च

केनियाच्या उत्तर किनाऱ्याजवळ लामू नावाचे बेट आहे. तेथील जुने शहर २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्याला हा मुलूख परका नाही. हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांवर कच्छ-काठियावाडची शिडाची जहाजे पूर्व आफ्रिकेकडे निघत आणि नैर्ऋत्य वारे सुरू झाले की परतत. त्या येण्याजाण्यातूनच हिंदी व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेथील बंदरांत उभ्या राहिल्या.

त्याच जुन्या घडणीचे एक जहाज २०१८ साली लामूच्या पाण्यात उतरले. त्याचे नाव ‘फ्लिपफ्लॉपी’. लांबी सुमारे ९ मीटर. लाकडाऐवजी त्यात सुमारे १० टन टाकाऊ प्लास्टिक वापरले होते, आणि बाहेरचे रंगीबेरंगी आवरण ३०,००० जुन्या चपलांचे होते. कल्पना पर्यटन व्यवसायातील बेन मॉरिसन यांची आणि बांधणी लामूचे कसबी जहाजबांधणीकार अली स्कांडा व त्यांच्या सहकाऱ्यांची. २०१९च्या आरंभी हे जहाज सुमारे ५०० किलोमीटरचा प्रवास करून झांजिबारला पोहोचले.

जगाने या जहाजाची छायाचित्रे कौतुकाने पाहिली. परंतु एका जहाजाने किनारा स्वच्छ होत नाही. लामूची खरी कमाई त्यानंतरची आहे. बेटावर कचरा गोळा करणाऱ्यांना मोबदला मिळू लागला आणि तेथील सुतार त्याच कचऱ्यापासून घरगुती सामान व लहान होड्या करू लागले. हे काम बेटावरच का व्हावे, याचे उत्तर हिशेबात आहे.

रिकाम्या बाटल्या आणि डबे यांनी खच्चून भरलेली होडी वजनाला मात्र हलकीच असते. भंगाराचा भाव वजनावर ठरतो आणि वाहतुकीचे भाडे व्यापलेल्या जागेवर. त्यातच समुद्राने परत केलेले प्लास्टिक मिठाने व वाळूने माखलेले, उन्हाने ठिसूळ झालेले आणि नाना जातींचे असते. दूरच्या कारखानदाराला ते नको असते आणि किनाऱ्यावरच्या माणसाला ते पाठवणे परवडत नाही. मात्र तोच कचरा किनाऱ्यावर दळून त्याची फळी केली, तर भाडे वाचते आणि बाहेरून आणावी लागणारी एक वस्तूही वाचते. नफा असलाच तर तो या दुहेरी बचतीत आहे.

काम कष्टाचे असले तरी गूढ नाही. प्लास्टिकचे तुकडे पाण्याच्या पिंपात टाकले की डब्यांचे पॉलिथिलीन आणि झाकणांचे पॉलिप्रॉपिलीन तरंगते. पाण्याच्या बाटलीचे पेट, नळाचे पीव्हीसी आणि जाळ्यांचे नायलॉन तळाशी बसते. निवडलेला माल धुऊन वाळवायचा, यंत्रात त्याचा चुरा करायचा, तो वितळवून साच्यात दाबायचा. उन्हाने कमकुवत झालेला माल पातळ वस्तूला चालत नाही. जाड फळी, खांब किंवा बाक यांना चालतो. अन्नपाण्याच्या भांड्यांसाठी तो कधीच वापरू नये. ही फळी कुजत नाही, तिला वाळवी लागत नाही. पण ती वजनाखाली लाकडापेक्षा अधिक वाकते आणि उन्हात प्रसरण पावते, म्हणून तिला आधार जवळजवळ द्यावे लागतात. विक्रेत्याने हे गुण आणि दोष ग्राहकाला आधीच सांगितले पाहिजेत. एकदा बाक वाकला की गावाचा विश्वास परत मिळवणे कठीण.

भारतात केरळच्या कोल्लम जिल्ह्यातील नींडकरा आणि शक्तिकुलंगरा बंदरांनी २०१७ साली ‘शुचित्व सागरम्’ या योजनेतून वेगळी वाट धरली. जाळ्यात आलेले प्लास्टिक पूर्वी पुन्हा समुद्रात फेकले जाई. आता ट्रॉलरवरचे मच्छीमार ते पिशव्यांत भरून बंदरावर आणू लागले. तेथे मच्छीमार कुटुंबांतील स्त्रिया ते निवडू व धुऊ लागल्या आणि त्याचा चुरा रस्त्याच्या डांबरात वापरला गेला. डांबरी रस्त्यात टाकाऊ प्लास्टिक मिसळण्याची पद्धत मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी विकसित केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोल्लमच्या प्रयोगात मासेमारीच्या फेरीसाठी डिझेल जळतच होते. त्याच फेरीत कचरा परत आला. गोळा करण्याचा खर्च असा मूळ व्यवसायातच सामावला गेला.

तरीही जमेच्या बाजूला फार मोठी रक्कम मांडण्याची घाई नको. धुण्याची मजुरी, विजेचे बिल आणि यंत्राची पाती यांचा खर्च नव्या, शुद्ध प्लास्टिकच्या भावाशी स्पर्धा करतो, आणि पुष्कळदा हरतो. देणगीतून यंत्र येते, उद्घाटन होते. पण दरमहा वस्तू उचलणारा ग्राहक नसेल तर ते यंत्र गंजत राहते. शिवाय फळ्यांच्या विक्रीने समुद्रात नवे प्लास्टिक जाणे थांबत नाही. केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर कडक बंदी घातली. भारताने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकायच्या अनेक प्लास्टिक वस्तू बंद केल्या, आणि वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी आता उत्पादक, आयातदार व ब्रँडमालक यांच्यावरही आहे. खर्चाची बाजू आधी उगमापाशी कमी झाली पाहिजे.

व्यापारी कुटुंबांचा या व्यवहाराशी दोन्ही बाजूंनी संबंध येतो. वेष्टन त्यांच्या दुकानातून बाहेर पडते आणि खरेदीचा निर्णयही त्यांच्याच हाती असतो. गोदामात माल जमिनीपासून उंच ठेवण्यासाठी फळ्या लागतात, धर्मशाळेच्या अंगणात बाक लागतात, बागेला कुंपणाचे खांब लागतात. किनाऱ्यावरच्या अशा एखाद्या लहान कारखान्याला आलेला वीस बाकांचा लेखी आदेश आणि वेळेवर चुकता झालेला पैसा ही त्याच्यासाठी देणगीपेक्षा मोठी मदत आहे. त्या आदेशाच्या भरवशावर तो पुढच्या महिन्याचा कचरा रोख पैसे देऊन विकत घेऊ शकतो.