एक टक्क्याची मालकीण

२०२१पासून महाराष्ट्रात एकट्या बाईच्या नावे घर घेतले की मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. मग हिंगणघाटातल्या नवऱ्यांनाही बायकोचे नाव आठवते! मालकीण ती, खरेदीखत मात्र त्याच्या कपाटात. असे घर १५ वर्षे पुरुषाला विकायचे नाही, ही अटही २०२३मध्ये गेली. बाईला विकायची मोकळीक झाली म्हणतात. मी म्हणते, तिच्याकडून विकवून घ्यायचीही झाली. बहिणींनो, बक्षीसपत्र असो की मुखत्यारपत्र, न वाचता सही देऊ नका. दागिने मोडून स्लॅब टाकता, त्या पावत्या स्वतःच्या नावे घ्या. खेड्यातल्या मैत्रिणींनी नमुना ८वर नाव चढले म्हणून निश्चिंत राहू नये. तो घरपट्टीचा उतारा. दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची २ची नक्कल काढा आणि आपल्याजवळ ठेवा.