समुपदेशकाकडे जाण्यात लाज कसली?

चंद्रपूरची दारूबंदी २०२१ मध्ये उठली, गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. दारूने पोळलेली घरे दोन्हीकडे आहेत. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानात व्यसनींना उपचार आणि समुपदेशन मिळते.

समुपदेशक दटावत नाही, आधी ऐकतो: केव्हापासून पितोस, झोप लागते का, घरी कोणाशी बोलतोस? त्याला सांगितलेली गोष्ट अमानत असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

आपण मात्र ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मुलाचे व्यसन लपवतो आणि सुनेला सबर करायला सांगतो. दुआ करूच; पण तापावर इलाज करतो, तसा मनाच्या दुखण्यावरही करू. सरकारी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. दुखणे लपवून घराची अब्रू वाचत नाही.