बंदी शहरात, झळ माणदेशात

२०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली, मालेगावसह काही महापालिकांनी मांसविक्री बंद ठेवली. आधार दाखवला १९८८ च्या शासन निर्णयाचा. चर्चा शहरी ताटापुरती राहिली. खरे तर हा प्रश्न माणदेशातल्या आटपाडीच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारालाही भिडतो. पाऊस बेताचा, रान खडकाळ. अशा मुलखात अडीनडीला रोकडा येतो तो बोकड विकूनच. व्यापारी दात बघतो, पाठीवर हात दाबतो, भाव बोलतो. त्या भावामागे शहरातली उघडी दुकाने असतात.

एका दिवसाने काय बिघडते, असे विचारले जाते. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये अहमदाबादेतील कत्तलखान्यांवरची पर्युषणातली नऊ दिवसांची बंदी वैध ठरवली होती. पण वैध ते सारे योग्यच असे नव्हे. शिवाय ती बंदी एका धार्मिक पर्वापुरती होती. स्वातंत्र्यदिन कुठल्याच एका आहाराचा सण नाही. माळकरी घरांनी गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार पाळला, तो शेजारच्या चुलीवर हुकूम न गाजवता. त्या निष्ठेचा आदर हवाच, तिला पालिकेच्या शिक्क्याची गरज नाही. दुकानांची स्वच्छता, जनावरांची तपासणी पालिकांनी कडक करावी. १५ ऑगस्टची बंदी शासनाने कायमची काढावी.