आव्हान स्वीकारलं!

आमच्या कंपनीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एका सहकाऱ्यानं लिहिलं, 'सर्वांना रक्तदान करण्याचे आव्हान करण्यात येत आहे.' झालं! 'आव्हान स्वीकारलं!', 'कोण जास्त बाटल्या देतो बघू', 'हरलो तर रक्त परत मिळेल का?' यातला तिसरा विनोद माझा. तेव्हा मला तो भारी वाटला होता.

त्यानंतर तो सहकारी ग्रुपवर फक्त इंग्रजीत लिहू लागला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेला मुलगा. कॉलेजात त्याच्या इंग्रजीला हसले, म्हणून त्यानं घासूनपुसून इंग्रजी सुधारलं. आता त्याच्या मराठीला हसलो ते आम्ही, मराठी भाषा दिनाला स्टेटस टाकणारे.

'अहो, पण चूक ती चूकच ना?' चूकच. आवाहन म्हणजे विनंती, आव्हान म्हणजे ललकार. हा फरक कामाचा आहे. पण या 'शुद्ध' आव्हानाची कुंडली तरी बघा. मूळ संस्कृत शब्द 'आह्वान', अर्थ बोलावणं. हिंदीत आजही 'आह्वान' म्हणजे आपलं आवाहनच. मराठी जिभेनं 'ह' आणि 'व' यांची अदलाबदल केली, अर्थही सरकवला. प्रह्लादाचा प्रल्हाद, चिह्नाचं चिन्ह, आह्लादाचा आल्हाद असाच झाला. या चुका कोशात जाऊन बसल्या, म्हणून त्यांना कुणी हसत नाही.

आणि हसणारे तरी कुठे धुतल्या तांदळाचे? 'माझ्या अपरोक्ष मीटिंग घेतली' असं आमच्यातले भलेभले म्हणतात. परोक्ष म्हणजे नजरेआड. अपरोक्ष म्हणजे प्रत्यक्ष, समोरासमोर. म्हणजे तक्रार अशी, की माझ्यासमोरच मीटिंग घेतली! यावर कुणी इमोजी टाकत नाही. कारण ही चूक 'आपल्यातली' आहे. 'आनि-पानी' ऐकलं की मात्र कान टवकारतात. तेव्हा आपण शब्द तपासत नसतो, बोलणाऱ्याचं गाव आणि जात तपासत असतो.

धंद्यानं मी प्रोग्रामर. शब्दसंग्रहाशी ताडून बघणारा साधा स्पेलचेकर अशी चूक पकडू शकत नाही, कारण आवाहन आणि आव्हान दोन्ही शब्द यादीत असतात. संदर्भ बघावा लागतो. माणसाला तो न सांगता कळतो. आमच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं, की हा आपल्याला रक्तदानाच्या कुस्तीला बोलावतोय. अर्थ व्यवस्थित पोचला होता. शिबिर कुठे आणि किती वाजता, हे मात्र त्या सगळ्या हशात कुणीच विचारलं नाही.

शब्दांच्या गमतींवर हसू नये असं कोण म्हणतंय? मीही हसतो. पण चूक सांगायची तर त्या माणसाला वेगळा मेसेज टाकून सांगता येते. त्याला दोन ओळी पुरतात. चारचौघांत टिंगल करून आपण भाषा शुद्ध करत नाही, भाषेतून एक लिहिणारा कमी करतो.

मी त्याची माफी मागितली. पुढच्या शिबिराचा मजकूर तूच मराठीत लिही, असंही म्हटलं. 'तूच लिही रे, तुझं शुद्ध आहे,' म्हणाला. अजून तयार झालेला नाही.