सरकारी पैशातून तयार झालेली तपासणी वस्तीपर्यंत आली पाहिजे

दसरा झाला की माजलगाव, धारूर, वडवणी, केज या भागातून कोयता बाहेर पडतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको दोघे. त्यातल्या किती बायांची पिशवी काढली गेली आहे, हे २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने मोजले. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे समितीच्या अध्यक्ष होत्या. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली निघाली. मुकादमाची उचल, एका दिवसाच्या खाड्याचा दंड, फडात पाणी नाही, आडोसा नाही, ही कारणे आता सगळ्यांना माहीत आहेत. आरोग्याच्या पानावर बोलायचे ते दुसऱ्या एका कारणाबद्दल: भीती.

अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून बाई खासगी दवाखान्यात जाते. तिथे कित्येकींना एकच वाक्य ऐकवले गेले: पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. हे खरे की खोटे हे तपासायला तिच्या हातात काहीच नसते. पांढरे जाणे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने असते आणि गोळ्यांनी बरे होते. कॅन्सरची जी भीती घातली जाते, त्यातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तर चांगली तपासणी आहे. हा कॅन्सर मुख्यतः एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो विषाणू शरीरात आहे की नाही हे कळते, आणि कॅन्सर व्हायला त्यानंतर अनेक वर्षे लागतात. म्हणजे वेळेवर कळले तर गर्भाशय न काढताही उपचार होतात.

हे ज्ञान परदेशातून आलेले नाही. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १,३१,७४६ बायांवर मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या, खेड्यापाड्यातल्या. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: ज्या गटाची एचपीव्ही तपासणी एकदाच झाली, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगाने हा निष्कर्ष उचलून धरला. मात्र तुलनेसाठी ठेवलेल्या एका गटातल्या बायांची तपासणी केलीच नव्हती, आणि त्यावर पुढे टीकाही झाली. ती टीका रास्त होती, असे आमचे मत आहे. मराठवाड्यातल्या बायांनी आपले शरीर संशोधनाला दिले. त्याचे फळ मराठवाड्याला मिळायला किती वर्षे लागावीत?

उशीर होण्याचे एक मोठे कारण तपासणीची किंमत आणि यंत्रे हे होते. परदेशी संच महाग, त्याला मोठी प्रयोगशाळा लागते. तालुक्याच्या दवाखान्यात चालेल असे यंत्र बनवायचे तर आधी काही वर्षे नुसते प्रयोग करावे लागतात, त्यातले बरेचसे फसतात. बँक अशा कामाला कर्ज देत नाही, व्यापारी पैसा घालत नाही. म्हणून सुरुवातीचा धोका सरकारने पत्करायचा, ही पद्धत आली. अमेरिकेने १९८२ मध्ये कायदा करून सरकारी संशोधन निधीतला ठरावीक वाटा छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवला. आपल्याकडे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये तशी योजना काढली आणि २०१२ मध्ये त्यासाठी बायरॅक नावाची सरकारी संस्थाच उभी केली. नवी कल्पना असलेल्या माणसाला किंवा छोट्या कंपनीला बायरॅक दीड वर्षासाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. हे कर्ज नव्हे, फेडावे लागत नाही.

पैसा कंपन्यांना कशाला, तोच दवाखान्यात औषधांवर घाला, असे आपल्यातले अनेक जण म्हणतील. संताप समजण्यासारखा आहे. पण क्षयाचे उदाहरण बघा. पूर्वी बेडका काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघत, आणि बरेच रुग्ण त्यातून निसटत. बंगळूरच्या बिगटेक या छोट्या प्रयोगशाळेने सरकारी अर्थसाहाय्यावर बॅटरीवर चालणारे यंत्र तयार केले, गोव्याच्या मोलबायो कंपनीने ते ट्रूनॅट नावाने बाजारात आणले. तासाभरात क्षय आहे की नाही कळते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली आणि सरकारने ही यंत्रे देशभर तालुका पातळीपर्यंत घेतली. वीज गेली तरी चालणारे यंत्र कशाला हवे, हे मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयाला कळणार नाही, आपल्याला कळते. असे यंत्र नुसत्या औषधाच्या खर्चातून आले नसते.

त्याच ट्रूनॅट यंत्रावर चालणारा एचपीव्हीचा संचही आता आहे. जैवतंत्रज्ञान विभाग आणि बायरॅक यांच्या पैशातून देशी एचपीव्ही संचांची पारख झाली, त्यात दिल्लीचे एम्स आणि मुंबईची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था होती. २०२५ मध्ये निष्कर्ष आले. पुण्याच्या पेरिविंकल टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीने गर्भाशयमुखाचा फोटो घेऊन तपासणारे हातात मावणारे उपकरण बनवले आहे, त्यालाही बायरॅकचे साहाय्य मिळालेले आहे.

इथवर सगळे ठीक. आमचा आक्षेप पुढच्या टप्प्यावर आहे. अनुदान मिळते, यंत्र बनते, पेटंट कंपनीकडे राहते, आणि मग ते यंत्र पहिल्यांदा जाते कुठे? जिथे फी देणारा रुग्ण आहे तिथे. साबणापासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणारी ऊसतोड बाई त्या अनुदानाची वाटेकरी आहे, पण रांगेत शेवटी तीच. म्हणून अनुदान देतानाच अट हवी: यंत्र यशस्वी झाले तर सरकारी दवाखान्यांना ठरलेल्या कमी दरात, ठरलेल्या मुदतीत द्यावे लागेल. आणि त्याची चाचणी शहरातल्या वातानुकूलित खोलीत न होता ग्रामीण रुग्णालयात, उपकेंद्रात व्हावी. चाचणीत आपल्या बाया असतील तर संमतीचा कागद मराठीत, वाचून दाखवलेला, एक प्रत तिच्याकडे. नुसत्या अंगठ्यावर भागवू नये.

अट घालणारे मात्र दिल्लीत बसतात. तिथे आपली माणसे पोचायला वेळ लागेल, पण अनुदान मागणाऱ्यांच्या रांगेत आपली मुले आजच उभी राहू शकतात. वस्तीतली कितीतरी मुले-मुली डीएमएलटी, बी. फार्म., नर्सिंग करतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातल्या व्हेंचर सेंटरमार्फत बायरॅकच्या अनुदानासाठी अर्ज करता येतो. २०२० मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अनुसूचित जातीच्या तरुणांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाने नवउद्योगांची योजना जाहीर केली, तीन वर्षांत ३० लाख रुपयांपर्यंत भांडवल देणारी. यात पैशाच्या बदल्यात कंपनीत हिस्सा द्यावा लागतो, हे अर्जाआधी समजून घ्यावे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. ‘तुम्ही बौद्ध, तुम्हाला लागू नाही’ असे टेबलावर कुणी म्हटले तर परत फिरू नये. केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा, हे अर्ज भरणाऱ्या प्रत्येक घराला सांगणे आहे.

आणि माता-भगिनींना एक सांगणे. तीस वर्षांवरील प्रत्येक बाईची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी करणे हे सरकारी कार्यक्रमातच लिहिलेले आहे. आशाताईला विचारा, ग्रामीण रुग्णालयात विचारा: तपासणी कोणत्या दिवशी होते, एचपीव्हीचा संच आला आहे का? नाही म्हणाले तर महिला मंडळाच्या नावाने लेखी विचारा आणि पोच घ्या. संच नसला तरी सौम्य ॲसिटिक आम्ल लावून करायची साधी तपासणी असते, ती तरी करून मागा. ही तपासणी फक्त गर्भाशयमुखाची आहे. ती चांगली आली तरी त्रास अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावेच. कुणी पिशवी काढायला सांगितले तर अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घ्या. हे सगळे दसऱ्याच्या आत उरकलेले बरे. तपासणीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवा, हंगामाला जाताना तो सोबत असू द्या.