मोटारीतला रेडिओ मुका का होतो?



गाणं रंगात आलेलं असतं आणि मोटारीतला रेडिओ एकदम गप्प! खरखर नाही, काही नाही. दोन क्षणांनी पुन्हा गाणं सुरू. डिजिटल रेडिओ ऐकणाऱ्यांना ही तक्रार चांगलीच ठाऊक असते.

नॉर्वे देशाचंच बघा ना. २०१७ साली त्या देशाने आपली राष्ट्रीय रेडिओ केंद्रे टप्प्याटप्प्याने एफएमवरून काढून 'डॅब' या डिजिटल पद्धतीवर नेली. छोटी स्थानिक केंद्रे तेवढी एफएमवर राहिली. घरात नवा रेडिओ आणता येतो, पण जुन्या मोटारीचं काय करायचं? लोकांनी अ‍ॅडाप्टर नावाची छोटी पेटी आणली आणि पुढच्या काचेला एरियल चिकटवलं. तिथे डोंगर, बर्फ आणि हजाराहून जास्त बोगदे. घाट बंद आहे, वादळ येतंय, अशी सूचना वाटेत रेडिओवरच कानावर पडते. तेव्हा रेडिओ मुका झाला तर फक्त गाणंच बुडत नाही, बरं का!

आता हा रेडिओ खरखर न करता गप्प का बसतो? फळ्यावरचं अक्षर पुसट झालं, तरी तुम्ही अंदाजाने वाचता. एफएमचं तसंच. लाट क्षीण झाली की खरखर वाढते, पण बातम्या कळतात. डिजिटल रेडिओकडे आवाज येतो तो शून्य आणि एक अशा आकड्यांच्या रूपात. थोडे आकडे चुकले तर रेडिओ ते स्वतःच दुरुस्त करतो. चुका फार झाल्या, की मात्र तो हात टेकतो आणि गप्प होतो. म्हणून लाट एरियलपर्यंत नीट पोचायला हवी.

पण मोटार म्हणजे पत्र्याचा डबाच की! रेडिओच्या लाटा पत्र्यातून आरपार जात नाहीत, काचेतून आत येतात. काही मोटारींच्या काचेवर ऊन अडवणारा धातूचा पातळ थर असतो. मग तीही वाट बंद! अशा वेळी एरियल बाहेर, टपावर बसवणं उत्तम.

एरियल किती लांब हवं? सोपं गणित आहे. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागा. लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. डॅब साधारण १७४ ते २४० मेगाहर्ट्झवर चालतो. मधला २०० धरा. ३०० भागिले २०० म्हणजे दीड मीटर. एरियल त्याच्या पाव लांबीचं, म्हणजे साडेसदतीस सेंटिमीटरचं. तुमच्या पट्टीपेक्षा थोडंसं मोठं. नॉर्वे आणि ब्रिटनमध्ये डॅबच्या लाटा उभ्या पाठवतात, म्हणून एरियलही उभंच हवं.

आणखी एक गंमत. पाव लांबीच्या एरियलला जोडीदार लागतो. तो म्हणजे मोटारीचा पत्रा. काचेवरच्या एरियलला एक चिकटपट्टी असते. ती प्लॅस्टिकच्या आवरणावर नव्हे, त्यामागच्या उघड्या धातूवर चिकटवावी लागते. पुष्कळदा दोष इथेच सापडतो. पण थांबा! काचेशेजारच्या त्या खांबात अनेक मोटारींमध्ये एअरबॅग असते. तार तिच्या आड आली, तर अपघाताच्या वेळी ती नीट उघडणार नाही. तेव्हा हे काम जाणत्या कारागिराचंच.

आवाज तरीही तुटतो? मग चोर गाडीतच शोधा. मोबाइलचा स्वस्त चार्जर, गाडीतला कॅमेरा, एलईडी दिवे यांतून विजेची कुजबुज निघते आणि ती एरियलच्या कानात शिरते. एकेक वस्तू काढून पाहा. जी काढल्यावर आवाज सुधारेल, तीच चोर! तारेचे जोड सैल नाहीत ना, हेही बघा. आणि लांबच्या गावी गेल्यावर रेडिओला केंद्रांचा शोध पुन्हा घ्यायला लावा; यादी जुन्या गावाचीच राहिलेली असते.

आपल्या आकाशवाणीने मध्यम लहरींसाठी 'डीआरएम' ही वेगळी डिजिटल पद्धत निवडली. तिची लाट खूप लांब, त्यामुळे एरियलचं गणित निराळं. पण चार्जरची कुजबुज तिलाही त्रास देतेच.

आता घरचा प्रयोग. छोटा ट्रान्झिस्टर एफएमवर लावून स्टीलच्या डब्यात ठेवा आणि झाकण घट्ट लावा. काय ऐकू येतं? झाकण हळूहळू उघडा. आता? दोन्ही निरीक्षणं वहीत लिहा आणि आई-बाबांना दाखवा.

जाता जाता एक कोडं : एफएम केंद्र १०० मेगाहर्ट्झवर असेल, तर पाव लांबीचं एरियल किती सेंटिमीटरचं? आधी गणित करा हं, मगच खाली बघा!

(उत्तर : ७५ सेंटिमीटर)