गोड जेवण देऊन आपण सुटतो



परवा मंडळाच्या बैठकीत यंदाच्या दानाचा विषय निघाला. निरीक्षणगृहातल्या मुलांना गोड जेवण द्यायचं ठरलं. मी विचारलं, "यातला एखादा मुलगा कुणी सहा महिने घरी ठेवून घेईल का?" सगळ्या हसल्या. एक काकू म्हणाल्या, "अगं, चोऱ्यामाऱ्या करणारी पोरं ती. घरात लेकीसुना आहेत."

काकूंची भीती खोटी नाही. पण त्या भीतीवर आपण शिऱ्याचं ताट झाकण म्हणून ठेवतो, हे मला पटत नाही.

बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये, कलम १८ प्रमाणे, गुन्हा केलेल्या मुलाला मंडळ एखाद्या योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली तीन वर्षांपर्यंत ठेवू शकतं. कलम ४४ फॉस्टर केअरचं, म्हणजे परक्या मुलाला दत्तक न घेता काही काळ आपल्या घरी सांभाळण्याचं. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या बाईलाही त्यासाठी परवानगी दिली. कागद तयार आहे. घरं नाहीत.

नुसतं मन मोठं असून भागत नाही, हेही मी अनुभवानं सांगते. नणंदेचा मुलगा चौदाव्या वर्षी आमच्याकडे दहा महिने होता. ड्रॉवरमधले पैसे जायचे. एकदा त्यानं आमटीची वाटी सासूबाईंच्या अंगावर फेकली. रात्री अकराला मी कुणाला फोन करणार होते? मी ओरडले, मग रडले, मग दोन दिवस त्याच्याशी बोललेच नाही. ते अबोला धरणं सगळ्यात वाईट होतं.

अमेरिकेत ओरेगनमध्ये पॅट्रिशिया चेंबरलेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ पासून नेमकं हेच काम उभं केलं. एका घरात एकच मुलगा, म्हणजे बिघडलेली पोरं एकमेकांना आणखी बिघडवत नाहीत. सांभाळणाऱ्यांना आधी प्रशिक्षण आणि मग मोबदला. वेळेवर उठला, नीट बोलला, की गुण मिळतात, गुणांवर सवलती मिळतात. चुकला तर गुण शांतपणे कापायचे, व्याख्यान द्यायचं नाही. रोज त्या घरी फोन येतो, आज काय घडलं ते विचारायला. रात्रीबेरात्रीही कुणीतरी फोन उचलतं. १९९८ च्या त्यांच्या अभ्यासात वारंवार गुन्हे केलेले ७९ मुलगे होते. अशा घरांत राहिलेल्यांना पुढच्या काळात अटक कमी झाली, समूहगृहांतल्या मुलांना जास्त.

आणि सख्ख्या आईबापांनाही ते शिकवतात. आमचं चुकलं ते इथंच. भाचा आमच्याकडे सुधारला, पण परत गेला तो त्याच पट्ट्याच्या माराकडे.

आपल्या सरकारची बालसंगोपन योजना महिन्याला २२५० रुपये देते. एवढ्यात पोराची वह्या-पुस्तकं, कपडे, खाणं कसंबसं होईल. समुपदेशक आणि रात्रीचा फोन कुठून येणार? मग पंचकल्याणकाला मांडव घालणारा आपला समाज हा खर्च का उचलत नाही? आपण पाणी गाळून पितो, गाळण्यावरचे जीवसुद्धा जपून परत सोडतो. माणसाचं पोर मात्र गाळून बाजूला ठेवतो.

कुंभोजचे भाऊराव आठवतात ना? १९०८ च्या सुमारास अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परत येऊन आंघोळ करायला नकार दिला, म्हणून कोल्हापूरच्या आपल्या जैन बोर्डिंगनं त्यांना बाहेर काढलं. ते काही गुन्हेगार नव्हते, पण बोर्डिंगच्या लेखी बेशिस्तच. शाहू महाराजांनी त्यांना राजवाड्यावर ठेवून घेतलं. पुढे लक्ष्मीबाईंनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना रांधून घातलं, दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्यांचा फोटो आपल्या मंडळात लावलेला आहे. त्याच फोटोखाली परवा आपण हसलो.

पुढच्या बैठकीत मी तीनच गोष्टी मागणार आहे. जेवणाच्या पैशातून एका समुपदेशकाचा पगार, बाल कल्याण समितीशी बोलणं, आणि तयार असलेल्या दोन घरांची नावं. एक नाव आमचं. सासूबाईंना विचारलंय. त्या म्हणाल्या, "वाट्या स्टीलच्या काढून ठेव. आणि ह्या वेळी अबोला धरू नकोस."